बहिणी-बहिणींचं दुखणं

न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहरात १९२०च्या सुमारास डॉ. जॉन आल्बर्टसन सॅम्पसन हे स्त्रीरोगांच्या शस्त्रक्रिया करत होते. बीजकोशावरच्या एका विशिष्ट गाठीनं त्यांना पछाडलं होतं. पोट उघडावं तर ती गाठ आजूबाजूच्या अवयवांना घट्ट चिकटलेली असायची. सोडवायला जावं तर फुटायची आणि आतून दाट, काळपट तपकिरी द्रव बाहेर यायचा. वितळलेल्या चॉकलेटसारखा रंग, म्हणून या गाठींना ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात, आणि आजही सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर हेच नाव घेतात. गर्भाशय आणि मलाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत सॅम्पसनना निळसर-काळे ठिपकेही दिसायचे. ही काय भानगड आहे हे पाहायला त्यांनी काही शस्त्रक्रिया मुद्दाम पाळीच्या दिवसांत ठेवल्या. तेव्हा दिसलं ते असं, की गर्भाशयातून रक्तस्राव होत असताना हे ठिपकेही रक्ताळतात आणि गाठीच्या आतही ताजं रक्त साचतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्या ठिपक्यांत गर्भाशयाच्या अस्तरासारख्याच ग्रंथी होत्या. जे अस्तर गर्भाशयाच्या आत असायला हवं ते पोटात रुजलं होतं, आणि दर महिन्याला तिथंच पाळी साजरी करत होतं.

१९२१ साली सॅम्पसननी या गाठींवरचा आपला मोठा निबंध प्रसिद्ध केला. ‘एंडोमेट्रिओसिस’ हे नाव रुळलं तेही त्यांच्या याच दशकातल्या लिखाणामुळे. त्याआधी कोणी हे पाहिलंच नव्हतं असं नाही. व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्कींनी १८६० साली अशा ऊतींचं वर्णन केलं होतं, तर बाल्टिमोरच्या थॉमस कलन यांनी पुढं अशा कितीतरी रुग्णांच्या नोंदी बारकाईनं जमवल्या होत्या. पण हे अस्तर तिथं पोहोचतं कसं, याचं पटण्यासारखं उत्तर सॅम्पसननी दिलं. पाळीचं थोडं रक्त बाहेर न जाता गर्भनलिकांतून उलटं वर चढतं आणि पोटात पडतं. त्याबरोबर अस्तराच्या जिवंत पेशीही जातात आणि मिळेल तिथं रुजतात. १९२७ साली त्यांनी हा सिद्धांत सविस्तर मांडला. पोटाच्या आतल्या आवरणाच्या पेशीच रूप बदलून अस्तरासारख्या होतात, असं बर्लिनच्या रॉबर्ट मायर यांचं मत होतं आणि त्या पक्षालाही वजनदार पाठीराखे होते. वाद बराच काळ चालला. तरी उलट्या रक्तप्रवाहाची गोष्ट टिकली, कारण ती डोळ्यांनी दिसत होती.

आजार कसा होतो याचं उत्तर मिळालं असं वाटत असतानाच तो कोणाला होतो हा प्रश्न पुढं आला, आणि इथं वैद्यकशास्त्रानं स्त्रियांवर मोठा अन्याय केला.

बॉस्टनचे डॉ. ज्यो व्हिन्सेंट मेग्ज हे त्या काळातलं फार मोठं नाव. १९४१ साली त्यांनी एंडोमेट्रिओसिसचं महत्त्व सांगणारा लेख लिहिला. त्यांच्याकडे खाजगीत येणाऱ्या सुखवस्तू स्त्रियांमध्ये हा आजार जास्त आणि धर्मादाय वॉर्डातल्या गरीब स्त्रियांमध्ये कमी दिसत होता. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा: सधन घरांतल्या मुली उशिरा लग्न करतात, मुलं लांबवतात, वर्षानुवर्षं पाळी अखंड चालू राहते आणि आजार बळावतो. म्हणून वडीलधाऱ्यांनी मुलींची लग्नं लवकर लावून द्यावीत, त्यांनी लवकर मुलं जन्माला घालावीत, हा उपाय. मेग्जच्या लिखाणात माकडिणीचं उदाहरणही येतं. ती वयात आली की गाभण राहते, पिलांमागून पिलं होत राहतात, तिला पाळी क्वचितच येते, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढं अनेक वर्षं पाठ्यपुस्तकांत या रोग्याचं एक ठरीव चित्र छापलं जात राहिलं: गोरी, शिकलेली, नोकरी करणारी, तिशी उलटलेली, मूल न झालेली बाई.

या चित्रातली चूक साधी होती. गरीब बाईचं पोट दुखलं तर कोणी आत पाहतच नव्हतं. शिकागोचे कृष्णवर्णीय डॉक्टर डोनाल्ड चॅटमन यांनी १९७६ साली हे दाखवून दिलं. ओटीपोटात जंतुसंसर्ग झालाय, म्हणजे पर्यायानं लैंगिक आजार आहे, असा शिक्का मारून कृष्णवर्णीय स्त्रियांना प्रतिजैविकं देऊन घरी पाठवलं जायचं. चॅटमननी दुर्बिणीनं आत पाहिलं, तेव्हा पाचांतल्या एकीहून अधिक जणींना एंडोमेट्रिओसिस निघाला. आजार नव्हता असं नाही, पाहणारा नव्हता.

मेग्जचा सल्ला बॉस्टनपुरता राहिला नाही, हे मराठी वाचकाला सांगायला नको. ‘लग्न झालं की थांबेल’, ‘एक मूल होऊ दे, सगळं जागच्या जागी बसेल’ ही वाक्यं आपल्याकडे आज्यांनी म्हटली आणि डॉक्टरांनीही म्हटली. ज्या मुलीला पाळीत उभं राहवत नाही, तिला तिच्या दुखण्याचं कारण तिच्याच आयुष्यात शोधायला लावणारी ही वाक्यं आहेत. आणि ज्या आजारामुळे दिवस राहणं अवघड होतं, त्याच आजारावर गरोदरपण हे औषध म्हणून सांगायचं, ही विसंगती मला कायम क्रूर वाटत आली आहे. युरोपातल्या प्रजननवैद्यक संस्थेनं २०२२च्या मार्गदर्शिकेत डॉक्टरांना स्पष्ट बजावलं आहे, की केवळ एंडोमेट्रिओसिसवरचा इलाज म्हणून कोणत्याही स्त्रीला गरोदर राहायचा सल्ला देऊ नये. मेग्जच्या लेखापासून तिथवर यायला ऐंशी वर्षं लागली.

सॅम्पसनच्या सिद्धांतातली फट १९८४ साली उघड झाली. नॉर्थ कॅरोलिनातल्या जूको हाल्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळीच्या दिवसांत दुर्बिणीची तपासणी झालेल्या स्त्रियांच्या पोटातला द्रव तपासला. ज्यांच्या गर्भनलिका मोकळ्या होत्या अशा दहांतल्या नऊ जणींच्या पोटात रक्त सापडलं. म्हणजे उलटा रक्तप्रवाह हा काही आजार नव्हे, तो जवळपास प्रत्येकीला होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं एंडोमेट्रिओसिस मात्र पुनरुत्पादनाच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात १९ कोटींना होतो. नऊ जणींच्या पोटात बी पडतं आणि रुजतं एकीच्याच. मग त्या एकीची जमीन वेगळी का?

या प्रश्नाकडे नेणारी वाट थोडी आधीच सुरू झाली होती, आणि ती कुटुंबांमधून जात होती. साउथ डाकोटातल्या यँक्टन या छोट्या गावी काम करणारे ब्रूक्स रॅनी यांनी १९७१ साली लिहिलं, की हा आजार काही घरांत पुन्हा पुन्हा दिसतो. लहान गावच्या डॉक्टरकडे आई, मुलगी, मावशी सगळ्याच येतात. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाच्या नजरेतून जे सुटतं ते त्याला दिसतं.

पण नजरेला दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. ते काम १९८० साली शिकागोचे जो ली सिम्पसन आणि ह्यूस्टनचे रसेल मॅलिनॅक यांच्या गटानं केलं. शस्त्रक्रियेत एंडोमेट्रिओसिस सापडलेल्या १२३ स्त्रियांच्या घरची त्यांनी चौकशी केली. आयांपैकी ८.१ टक्के आणि सज्ञान बहिणींपैकी ५.९ टक्के जणींना हाच आजार होता. आता तुलना कोणाशी करायची? संशोधकांनी निवड केली ती या स्त्रियांच्या सासू आणि नणंदांची. सासरच्या बायकांचं राहणीमान, ऐपत, डॉक्टरकडे जायची सवय हे सगळं साधारण सारखंच, फक्त रक्त वेगळं. त्यांच्यात प्रमाण निघालं एक टक्का. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. ज्यांच्या आईला किंवा बहिणीला हा आजार होता त्यांच्यापैकी ६१ टक्के जणींचा आजार तीव्र होता. घरात कोणाला नसलेल्यांमध्ये असं प्रमाण जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढं होतं. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. त्यात ना प्रयोगशाळेची मोठी यंत्रं होती ना संगणक. बाई माहेरून काय घेऊन आली, एवढंच नीट विचारलं होतं.

तरीही शंका घ्यायला जागा होतीच. एका बहिणीला निदान झालं की दुसरी स्वतःच्या दुखण्याकडे अधिक लक्ष देते, डॉक्टरकडे लवकर जाते. मग आकडा फुगणारच. ही शंका फिटायला जुळ्यांची मदत झाली. ब्रिस्बेनच्या सुझन ट्रेलोर आणि निक मार्टिन यांच्या गटानं ऑस्ट्रेलियातल्या ३०९६ जुळ्या स्त्रियांची माहिती तपासली. एकाच बीजापासून झालेल्या समरूप जुळ्यांत आजार जोडीनं आढळण्याचं प्रमाण, वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा हिशेब होता, की आजाराची प्रवृत्ती माणसामाणसांत जी कमीजास्त असते, तिच्यातला ५१ टक्के वाटा आनुवंशिक आहे. पुढं स्वीडनमधल्या जुळ्यांवरून काढलेला आकडा ४७ टक्के आला, म्हणजे जवळपास तोच. आइसलँडमध्ये तर शेकडो वर्षांच्या वंशावळ्या नोंदलेल्या आहेत. तिथल्या ७५० रुग्णांच्या नोंदी २००२ साली पडताळल्या तेव्हा सख्ख्या बहिणींना असलेला धोका सर्वसाधारण स्त्रीच्या पाचपट निघाला, आणि चुलत-मावस-आते-मामे बहिणींमध्येही तो दीडपट होता.

इथं एक खुलासा करायलाच हवा, कारण हा आकडा ऐकून कितीतरी आया हादरतात. ५१ टक्के याचा अर्थ ‘आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता निम्मी’ असा होत नाही. सिम्पसनच्या अभ्यासातल्या नव्वदहून जास्त टक्के बहिणींना आजार नव्हताच. आणि हा वारसा फक्त आईकडून येतो हेही खरं नाही. संबंधित जनुकं ज्या गुणसूत्रांवर आहेत ती वडिलांकडूनही येतात. वडिलांना पाळी नसते म्हणून तो धागा दिसत नाही इतकंच. आत्याच्या दुखण्याची चौकशी कोणी करत नाही.

आनुवंशिक आहे हे ठरल्यावर नेमकं कोणतं जनुक, हा शोध सुरू झाला. सुरुवातीला आशा भाबडी होती. हिमोफिलियासारखं एखादंच बिघडलेलं जनुक हाती लागेल आणि रक्ताची एक चाचणी करून निदान होईल. ऑक्सफर्डचे स्टीफन केनेडी आणि ऑस्ट्रेलियातला गट यांनी दोन किंवा अधिक बहिणी आजारी असलेली १,१७६ कुटुंबं गोळा केली. बहिणींच्या गुणसूत्रांचे कोणते तुकडे अपेक्षेपेक्षा जास्त वेळा सारखे आहेत ते पाहिलं आणि २००५ साली दहाव्या गुणसूत्रावरच्या एका पट्ट्याकडे बोट दाखवलं. दोन वर्षांनी सातव्या गुणसूत्रावरचा आणखी एक पट्टा पुढं आला. पण पट्टा म्हणजे शेकडो जनुकं. एवढी कुटुंबं जमवायला वर्षं गेली आणि हाती आला तो पत्ता नव्हता, नुसता जिल्हा होता.

मग पद्धत बदलली. कुटुंबांऐवजी हजारो रुग्ण आणि हजारो निरोगी स्त्रिया घ्यायच्या आणि संपूर्ण जनुकसंचातल्या लाखो ठिकाणांची अक्षरं पडताळायची. पहिलं ठळक यश जपानमध्ये आलं. २०१० साली तिथं १,९०७ रुग्णांच्या अभ्यासातून नवव्या गुणसूत्रावरची एक जागा सापडली. पुढच्याच वर्षी ब्रिटन-ऑस्ट्रेलियाच्या गटाला सातव्या गुणसूत्रावरची जागा मिळाली, तर ‘डब्ल्यूएनटी४’ या जनुकाजवळच्या जागेला दोन्हीकडून दुजोरा मिळाला. आईच्या पोटात मुलीचा गर्भ असताना तिचं गर्भाशय आणि गर्भनलिका घडवण्याच्या कामात हे जनुक असतं. २०१७ साली जागा १४ झाल्या. त्यांत स्त्री-संप्रेरक इस्ट्रोजेन ज्याला जाऊन चिकटतं त्या ग्राहकाचं जनुक आणि बीज पिकवणाऱ्या एफएसएच संप्रेरकाचं जनुक यांच्या परिसरांचा समावेश होता.

ऑक्सफर्डच्या निलुफर रहमिओग्लू आणि क्रिना झोंडरव्हन यांच्या पुढाकारानं २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आजवरच्या मोठ्या अभ्यासांपैकी एक. ६०,६७४ रुग्ण, सात लाखांहून अधिक निरोगी स्त्रिया आणि जनुकसंचातल्या ४२ जागा. बीजकोशातल्या चॉकलेट सिस्टचा आनुवंशिक पाया पोटातल्या वरवरच्या ठिपक्यांपेक्षा काहीसा वेगळा आहे, हेही त्यातून कळलं. शिवाय अर्धशिशी, पाठदुखी आणि अंगात अनेक ठिकाणी राहणारं जुनाट दुखणं यांच्याशी या आजाराची काही जनुकं सामायिक निघाली. ‘तुझं आपलं रोज काहीतरी दुखतंच’ असं ज्या बायकांना ऐकवलं गेलं, त्यांच्या बाजूनं हा पुरावा उभा आहे. मात्र या सगळ्या जागांची बेरीज करूनही आजारातल्या फरकाचा जेमतेम पाच टक्के उलगडा होतो. प्रत्येक जागेचा धक्का अगदी हलका. एवढ्या तुटपुंज्या बळावर निदानाची रक्तचाचणी उभी राहत नाही. कोणी ‘एंडोमेट्रिओसिसची जनुकीय चाचणी’ विकायला आला तर हा आकडा लक्षात ठेवावा.

सातव्या गुणसूत्राच्या त्या जुन्या पट्ट्याचा छडा लागला २०२१ साली, आणि तोही माकडिणींच्या मदतीनं. रीसस माकडिणींना पाळी येते आणि त्यांना एंडोमेट्रिओसिस आपसूक होतो. विस्कॉन्सिनच्या वसाहतीतल्या माकडांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदी होत्या. तीन किंवा अधिक रुग्ण असलेली माणसांची घराणी आणि ही माकडांची घराणी समोरासमोर ठेवल्यावर ‘एनपीएसआर१’ या जनुकातले दुर्मीळ बदल तीव्र आजाराशी जोडलेले आढळले. या जनुकाचा संबंध दाहाशी आणि मज्जातंतूंशी आहे. ते रोखणारं रसायन दिल्यावर उंदरांमधला दाह आणि वेदना कमी झाल्या. मेग्जनी ज्या माकडिणीचा दाखला देऊन मुलींची लग्नं उरकायला सांगितली, तिलाही घराण्यातून हा आजार होतो.

आता मुलाचा प्रश्न. एंडोमेट्रिओसिस म्हणजे वंध्यत्व नव्हे. या आजारातल्या पुष्कळ स्त्रियांना कोणत्याही उपचाराविना दिवस राहतात. पण वाट लांबते. निरोगी तरुण जोडप्याला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता १५ ते २० टक्के धरली जाते. उपचार न घेतलेल्या एंडोमेट्रिओसिसमध्ये ती २ ते १० टक्क्यांवर येते. कारणं एकात एक गुंतलेली. अवयव एकमेकांना चिकटतात आणि गर्भनलिकेला सुटलेलं बीज उचलता येत नाही. सिस्ट बीजकोशातला बीजांचा साठा खाते. ती काढताना निरोगी भागही थोडा जातो, म्हणून शस्त्रक्रियेची घाई करू नये असं आता सांगतात. पोटातल्या दाहाचा बीजाला आणि शुक्रजंतूंना त्रास होतो. शिवाय गर्भाशयाचं मूळ अस्तरही प्रोजेस्टेरॉनला हवा तसा प्रतिसाद देत नाही, मग गर्भ रुजायला अडचण येते. कॅनडात सिल्व्ही मार्कू यांच्या गटानं सौम्य आजार असलेल्या ३४१ स्त्रियांवर केलेली चाचणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. दुर्बिणीतून ठिपके नष्ट केलेल्यांपैकी ३०.७ टक्के जणींना ३६ आठवड्यांत दिवस राहून गर्भ टिकला. नुसती तपासणी झालेल्यांत हे प्रमाण १७.७ टक्के होतं. सौम्य म्हणून सोडून द्यायचा आजारही मुलाच्या आड येतो, हे त्यातून दिसलं.

पण आजाराची जनुकं आणि मूल न होण्याची जनुकं एकच आहेत का? सरळसरळ नाही. एफएसएचच्या जनुकालगतचा एक बदल ब्रिटनमध्ये तपासला गेला. तो असलेल्या स्त्रियांत हे संप्रेरक कमी बनतं, पाळीचं चक्र लांबतं, पाळी कमी वेळा येते आणि एंडोमेट्रिओसिसचा धोकाही घटतो. पण त्याच बदलामुळे मूल न होण्याची शक्यता किंचित वाढते. एकच अक्षर एका दारानं वाचवतं आणि दुसऱ्या दारानं अडवतं. म्हणून घरात हा आजार आहे एवढ्यावरून एखादीला ‘तुला मूल होणं कठीण’ असं सांगायला शास्त्राचा आधार नाही. आधार आहे तो लवकर तपासण्याला. निदानाला ४ ते १२ वर्षं लागतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि बीजांच्या साठ्याच्या हिशेबात ही वर्षं फार महाग पडतात. आईची किंवा बहिणीची हकिगत ठाऊक असेल, तर डॉक्टरांना पंचविशीतच संशय घेता येतो.

२०२३च्या अभ्यासातल्या स्त्रिया युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. त्या ४२ जागा आपल्याकडच्या स्त्रियांमध्ये तितक्याच बोलतात की आणखी वेगळ्या काही आहेत, हे भारतीय स्त्रियांचे नमुने घेतल्याशिवाय कळणार नाही. ते काम मुंबईत परळला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रजनन-आरोग्य संस्थेनं देशभरातल्या रुग्णालयांना सोबत घेऊन हाती घेतलं आहे. रुग्णांचे रक्ताचे नमुने, शस्त्रक्रियेत काय दिसलं त्याच्या नोंदी आणि पाळी, वेदना, गर्भधारणा यांची माहिती तिथं जगभर ठरलेल्या एकाच साच्यात गोळा होते, म्हणजे ती उद्या ऑक्सफर्ड-ब्रिस्बेनच्या आकड्यांशेजारी ठेवता येईल.